तक्रार म्हणजे कृतघ्नता नव्हे : नगरसेवा, आपले युवक आणि उपलोकपाल

(टोरोंटो येथील वार्षिक संमेलनात पालक व युवकांसमोर केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो.

आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते : "आपण परक्या देशात आलो आहोत, उगाच तक्रार करू नकोस." आमच्या परिचयातील एक सोळा वर्षांचा मुलगा नगराच्या पोहण्याच्या तलावावर उन्हाळी कामासाठी अर्ज घेऊन गेला. खिडकीवरून त्याला कोणतेही कारण न सांगता परत पाठविण्यात आले. घरी वडिलांनी त्याला हेच वाक्य ऐकविले. नकारापेक्षा वडिलांचे मौन आपणांस अधिक लागले, असे तो पुढे आम्हांला म्हणाला. त्या मुलाने कोठे जावयास हवे होते, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आजचे हे भाषण त्या अज्ञानातून जन्मले आहे.

नगराची सेवा आणि नागरिकाचा हक्क यांचे नाते आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून आपला ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी दूरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा कागदावरचा हक्क प्रथम ओंजळीत आला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास १९३७ साल उजाडले. त्या यातनांशी आपल्या आजच्या अडचणींची तुलना आम्ही करीत नाही. परंतु नियम लिहिला गेला म्हणजे सेवा मिळाली असे होत नाही, हा महाडचा धडा येथेही खरा आहे.

ठराव आणि व्यवहार यांतील हे अंतर मोजण्यासाठीच लोकपालाची संस्था आहे. स्वीडनमध्ये १८०९ साली तिचा उगम झाला. आपल्या महाराष्ट्रातही १९७१ च्या कायद्याने लोकायुक्त व उपलोकायुक्त ही पदे निर्माण झाली. टोरोंटो नगराचा लोकपाल 'सिटी ऑफ टोरोंटो ॲक्ट, २००६' या कायद्यानुसार नेमला जातो. तो प्रशासनाचा नोकर नसतो. तो नगरपरिषदेला अहवाल सादर करतो. त्याच्याकडे जाण्यास शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि तक्रारदाराची माहिती गोपनीय ठेवली जाते.

युवकांसाठी वेगळा उपलोकपाल कशासाठी, असे कोणी विचारील. वाचनालय, क्रीडाकेंद्र, बस, पोहण्याचा तलाव या सेवांचा उपयोग सर्वाधिक करणाऱ्यांत तरुण मुले असतात. परंतु ज्यांना मत नाही त्यांचे म्हणणे कार्यालयांत क्वचितच पोहोचते. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील बाराव्या कलमाने मुलांना त्यांच्यासंबंधीच्या बाबतीत मत मांडण्याचा व ते विचारात घेतले जाण्याचा हक्क दिला. कॅनडाने हा करार १९९१ साली मान्य केला. नॉर्वेने तर १९८१ सालीच मुलांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला होता. आपल्या या देशात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही १९९० च्या दशकात मुले व युवकांसाठी उपलोकपाल होता.

अशा उपलोकपालाने कार्यालयात बसून वाट पाहावयाची नसते. त्याने शाळांत, वाचनालयांत जावे, मुलांना समजेल अशा भाषेत बोलावे, आणि दहा ठिकाणांहून आलेल्या दहा लहान तक्रारींत एकच दोष दिसतो काय, हे शोधावे.

या कामाचे मोल एका उदाहरणावरून कळेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये टोरोंटोच्या ट्रामथांब्यावर तिकीट-तपासनिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाला जमिनीवर दाबून धरले. वाहतूक मंडळाने त्याची चौकशी केली. नगराच्या लोकपालाने पुढे त्या चौकशीचीच तपासणी केली आणि ती पुरेशी सखोल व निष्पक्ष नव्हती, असा निष्कर्ष २०१९ साली काढला. चौकशी करणाऱ्यालाही जाब विचारणारा कोणी असावा लागतो, तो असा.

या पदाच्या मर्यादाही आपण जाणल्या पाहिजेत. लोकपाल आज्ञा देत नाही, शिफारस करतो. तो तक्रारदाराचा वकील नव्हे. तो दोन्ही बाजू ऐकतो, आणि कार्यालयाचे वागणे योग्य होते असे आढळल्यास तसेही सांगतो. प्रथम संबंधित खात्याकडे दाद मागावी लागते. शाळा-मंडळांसंबंधीच्या तक्रारी २०१५ पासून ऑन्टॅरियो प्रांताच्या लोकपालाकडे जातात, नगराच्या नव्हे. जातीवरून होणाऱ्या भेदभावाचा प्रश्न तर मानवी हक्कांच्या कायद्याचा आहे. मार्च २०२३ मध्ये टोरोंटोच्या सार्वजनिक शाळा-मंडळाने जातीय अत्याचाराच्या प्रश्नाची दखल घेणारा ठराव केला, आणि त्याच वर्षी प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने त्याविषयी आपली भूमिका जाहीर केली. ठराव झाले आहेत. महाडप्रमाणेच आता ते वापरावयाचे आहेत.

म्हणून पालकांना आमची नम्र विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी अन्यायाची गोष्ट सांगू लागली, तर तिला गप्प करू नका. तारीख, वेळ, ठिकाण आणि बोललेले शब्द त्याच दिवशी वहीत लिहून ठेवण्यास शिकवा. तिच्यासोबत कार्यालयात जा, पण बोलू मात्र तिलाच द्या. आणि युवकांनो, तुम्ही सम्यक् वाणीचा विसर पडू देऊ नका : आपली तक्रार सत्य असावी, तिच्यात द्वेष नसावा आणि अतिशयोक्तीही नसावी.

ज्या नगराला आपण कर देतो व जेथे आपली मुले वाढतात, ते नगर आपलेही आहे. त्याच्या चुका त्याला दाखविणे ही कृतघ्नता नव्हे, ते नागरिकाचे कर्तव्य आहे. तलावावरून परत आलेल्या त्या मुलाला आम्ही त्या वेळी हे सांगू शकलो नाही. निदान पुढच्या मुलाला तरी आपण सर्वांनी मिळून सांगू या.

जय भीम! नमो बुद्धाय!