आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा : सातत्याचा धडा

(वाराणसी येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचे विजेते, यजमान व वर्षे आपण पाठ करता. ती माहिती उपयुक्त आहेच. तथापि या स्पर्धेतील भारताची वाटचाल पाहिली, तर क्रीडाविकासाचा एक मूलभूत प्रश्न समोर येतो : गुणवत्ता असूनही एखादा देश मागे का पडतो?

या वाटचालीचा प्रारंभ आपल्या याच राज्यात झाला. १९७५ साली लखनौ येथे भारतीय महिला फुटबॉल महासंघाची नोंदणी झाली आणि पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा भरली. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये पहिली आशियाई स्पर्धा झाली. त्या काळी ती स्वतंत्र महिला संघटनेमार्फत भरविली जात असे. १९७९-८० मध्ये कोळिकोड येथील स्पर्धेत भारत उपविजेता ठरला, १९८१ मध्ये तिसरा आला आणि १९८३ मध्ये बँकॉक येथे पुन्हा उपविजेता झाला. शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार लाभला; तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत.

त्यानंतर मात्र ही परंपरा खंडित झाली. येथे जपानशी तुलना उद्बोधक ठरेल. जपानला आशियाई विजेतेपद २०१४ पर्यंत मिळाले नव्हते. परंतु तेथे महिलांची राष्ट्रीय लीग १९८९ मध्येच सुरू झाली आणि २०११ मध्ये जपान विश्वविजेता झाला. भारतात अशी लीग सुरू होण्यास २०१७ साल उजाडले. दोनदा उपविजेतेपद मिळविणाऱ्या देशातील मुलींना नियमित सामने मिळण्यासाठी तीन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. खेळाडू शिबिरात शिकतो हे खरे. परंतु तो घडतो तो सामन्यांतूनच.

२०२२ मध्ये यजमानपद भारताकडे आले. प्रथमच बारा संघ सहभागी झाले. नवी मुंबई, मुंबई व पुणे येथे मैदाने सज्ज झाली. २० जानेवारीस भारताने इराणशी शून्य-शून्य बरोबरी साधली. पुढील सामन्यापूर्वी संघात कोविडचा प्रादुर्भाव झाला. नियमानुसार आवश्यक असलेले किमान तेरा खेळाडू उपलब्ध होऊ न शकल्याने भारतास माघार घ्यावी लागली आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. ही स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही होती. त्यामुळे विश्वचषकाची वाटही तेथेच बंद झाली. ६ फेब्रुवारीस अंतिम सामन्यात चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढून दक्षिण कोरियावर ३-२ असा विजय मिळविला.

जे यजमान म्हणून हातचे निसटले, ते पुढे कष्टाने मिळविले गेले. २०२५ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे भारताने मंगोलिया, तिमोर-लेस्ते व इराक यांना नमविले. ५ जुलै रोजी यजमान थायलंडवर २-१ अशी मात केली. दोन्ही गोल पश्चिम बंगालच्या संगीता बासफोर हिचे होते. पात्रता फेरी जिंकून भारताने आशियाई चषकात स्थान मिळविण्याची ही पहिलीच वेळ होती. १९८३ मध्ये अंतिम सामन्यात याच थायलंडकडून भारत पराभूत झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विजयाचे मोल कळते.

यातून धोरणाचा कोणता बोध घ्यावा? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा राज्यसूचीतील विषय आहे (नोंद ३३). केंद्राच्या ‘खेलो इंडिया’सारख्या योजना साहाय्यभूत ठरतात, परंतु शाळा, तालुका व जिल्हा या स्तरांवरील सामने राज्ये, स्थानिक संस्था व क्रीडा संघटना यांनीच भरवावे लागतात. वाराणसीत सिगरा येथील क्रीडासंकुलाच्या पुनर्विकासाच्या पुढील टप्प्यांचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. वास्तू उभी राहणे ही पहिली पायरी होय. तेथे मुलींसाठी वर्षभराचे सामन्यांचे वेळापत्रक असणे, सरावानंतर सुरक्षितपणे घरी पोहोचण्याची सोय असणे आणि दहावीनंतरही त्यांचा खेळ सुटू नये यासाठी शिष्यवृत्ती मिळणे, या पुढील पायऱ्या होत.

आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या जिल्ह्याच्या क्रीडानिधीचा आराखडा आपल्यासमोर येईल, तेव्हा किती मैदाने बांधली, या प्रश्नासोबत त्या मैदानांवर मुलींचे किती सामने झाले, हा प्रश्नही अवश्य विचारा.