फियाटचा पत्रा आणि घरची ऐरण



आज मी एका गाडीविषयी आणि ती घरच्या गॅरेजात पुन्हा उभी करायला लागणाऱ्या हत्यारांविषयी बोलणार आहे. गाडी फियाट 1100. हीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडायची, आणि तिच्या 1089 सीसी इंजिनाचा आवाज आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना ऐकला आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी वाड्याच्या बोळात, सोसायटीच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्या वाचवायच्या, तर मालकानं स्वतः हात घालावा असं मला मनापासून वाटतं.

इंजिनाची मला फारशी चिंता नाही. बोअर करून देणारा, क्रँक घासून देणारा कारागीर आपल्याकडे अजून मिळतो. ही गाडी जाते ती पत्र्यानं. तिला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळून तिचा सांगाडा होतो. दाराखालची पेटी आतून सडली की वरून कितीही चकचकीत रंग असो, गाडीचा कणा गेलेला असतो. अशा पेटीत पुटी भरून वर रंग मारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. त्या गाडीत माणसं बसतात.

पत्रा नीट राखण्याचं आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारनं 2021 साली जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ अक्षरांच्या पाटीखाली नोंदवता येते. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. म्हणजे जो पत्रा कारखान्यातून आला तो जितका राखता येईल तितका राखायचा, आणि नवा घालायचा तो जुन्याच्याच आकाराचा. एवढं काम चारदोन पाने नि एका हातोडीवर होत नाही. गॅरेज वाढवावं लागतं.

वाढवायचं कशानं? मशीनच्या दुकानात शिरलं की नजर मोठ्या वस्तूंवर जाते. माझं म्हणणं आहे की हत्यारांचा क्रम गाडीच्या सडीनं ठरवावा. पेटी सडली आहे, तर आधी मोजायची आणि धरून ठेवायची हत्यारं लागतात, मग कापायची, मग जोडायची. आकार द्यायची त्यानंतर. बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात.

मोजमापाला पैसे जवळजवळ लागत नाहीत. ओळंबा, गुण्या, दोरी, खडू आणि सपाट जमीन. गाडी चार मजबूत स्टँडवर समतल ठेवायची, सस्पेन्शनच्या बोल्टांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करायच्या, कर्णांची मापं घ्यायची आणि ती वहीत लिहायची. मग दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार पक्के करायचे. हे न करता पेटी कापली, तर गाडी मधून किंचित बसते, आणि नवी पेटी त्या बसलेल्या आकारातच जोडली जाते. पुढे दार कधीच नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापावी, आणि प्रत्येक टप्प्यावर दार बसवून फट तपासावी.

कापायला चार इंची ग्राइंडर आणि एक मिलिमीटर जाडीची चकती पुरते. एक गोष्ट मात्र विकत घ्याच: स्पॉट वेल्ड काढायचा कटर. कारखान्यात पत्रे एकमेकांवर ठेवून ठिपक्याठिपक्यांनी जोडलेले असतात. साध्या ड्रिलनं ते काढू गेलात, तर खालच्या चांगल्या पत्र्यालाही भोक पडतं. कटर वरचा थर तेवढा गोल कापतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर असली हत्यारं मिळतात, आणि तिथल्या जुन्या दुकानदारांना ती कशासाठी हवी आहेत हे सांगितलं, तर ते योग्य माप काढून देतात.

आता जोडणीकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. आपल्याकडे गॅसनं सांधायची परंपरा आहे, आणि चांगल्या डेंटरच्या हातची गॅसची शिवण फार सुंदर, मऊ, ठोकता येण्याजोगी असते. पण ते कौशल्य वर्षांनुवर्षांचं. नवशिक्याच्या हातात ऑक्सि-ॲसिटिलीनची तीन हजार अंशांवरची ज्योत गेली की पत्रा कागदासारखा वळतो. कारण सरळ आहे. शंभर मिलिमीटर पोलाद आठशे अंशांनी तापलं, की एक मिलिमीटरच्या आसपास वाढतं. भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तापलेला भाग जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो. निवताना तो आक्रसतो, पण मूळ मापावर न थांबता त्याहून आखूड होतो. सभोवतालचा सपाट पत्रा त्यामुळे ओढला जातो आणि लाटा उठतात. गाडीचा बॉनेट उन्हात पाहिला की ज्या लाटा दिसतात, त्या बहुतेकदा अशाच जन्मलेल्या असतात.

म्हणून घरच्या गॅरेजातली सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे उष्णतेवर ताबा देणारं वेल्डिंग मशीन. आपल्या कारखान्यांत ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात, तेच मिग. मशीन खाली, तीस अँपियरपर्यंत स्थिर चालतं का, हे आधी बघा. दोनशे-अडीचशे अँपियरच्या आकड्याला भुलू नका; तो आकडा गेट बनवणाऱ्यासाठी आहे. तार 0.8 मिलिमीटरची, 0.6ची मिळाली तर उत्तम. गॅस शुद्ध कार्बन डायऑक्साइड घेतला, तर ठिणग्या फार आणि पातळ पत्र्याला भोकं पडतात. ऐंशी टक्के आर्गॉन नि वीस टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण महाग असलं तरी तेच घ्या. आणि सलग शिवण मारायची नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा मधे, आणि प्रत्येक टाका हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत थांबायचं. थांबण्याइतकं फळ दुसऱ्या कशालाच येत नाही.

टिग, म्हणजे वेल्डिंगची दुसरी एक पद्धत, तिच्या मशीनचं विचारणारे असतात. टिगची शिवण मिगपेक्षा मऊ, म्हणून ती ठोकून सपाट करता येते. मिगची कडक, ती घासूनच काढावी लागते. दिसणाऱ्या पत्र्यावर, म्हणजे मडगार्ड किंवा दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर, टिग श्रेष्ठ. पण टिगला दोन्ही हात आणि बहुधा पायही लागतो, आणि पत्रा आतून-बाहेरून स्वच्छ लागतो. साठ वर्षांच्या गाडीखाली आडवं पडून काम करताना हे सगळं जमत नाही. म्हणून आधी मिग.

विजेची काळजी वाटते, तिचा हिशेब सोपा आहे. पातळ पत्र्याला पन्नास अँपियर आणि सतरा-अठरा व्होल्ट धरले, तर ठिणगीपाशी नऊशे वॅटच्या आतबाहेर. मशीनमधली गळती धरूनही हे बाथरूममधल्या गीझरपेक्षा कमी भरतं. सोळा अँपियरची स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग आणि योग्य एमसीबी एवढं पुरे. वाळूच्या माऱ्याला मात्र हवा खरोखर जास्त लागते. त्यानं गंज काढायचा असेल, तर लहान काँप्रेसर सतत चालून तापतो. ते काम मी बाहेर देतो आणि तुम्हीही द्या.

मग येतो आकार. इथे मला पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीकडे वळावंसं वाटतं. तांब्याचा हंडा किंवा घंगाळ ऐरणीवर ठेवून ठोका ठोक्याशेजारी टाकत जाणं, म्हणजे मठारणं. त्यात धातू घट्ट होतो, आकार पक्का होतो आणि पृष्ठभाग एकसारखा होतो. मडगार्डचा पत्रा हातोडी आणि डॉली, म्हणजे हातात धरायचा पोलादी ठोकळा, यांच्यामध्ये धरून आपण करतो ते हेच आहे. तांबं मऊ, पोलाद हट्टी, एवढाच फरक. डॉली नेमकी ठोक्याखाली धरली तर पत्रा दबून पसरतो. वेल्डिंगनं आक्रसलेली शिवण यानंच पुन्हा लांब करून लाटा काढता येतात. डॉली ठोक्याच्या बाजूला धरली, तर पत्रा न पसरता उंचवटा बसतो आणि खळगा वर येतो. ही दोन वाक्यं हातात उतरायला काही महिने लागतात. त्यासाठी दोन चांगल्या हातोड्या, तीन वेगवेगळ्या आकारांच्या डॉली, एक लाकडी मोगरी आणि वाळू भरलेली चामड्याची पिशवी लागते. हातोडीचं तोंड आरशासारखं घासून ठेवा. त्यावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर छापला जातो.

याच्या पुढचं पाऊल म्हणजे श्रिंकर-स्ट्रेचर. कोनात वळवलेल्या पट्टीची कड हे यंत्र चिमटीत धरून आखडतं किंवा ताणतं, आणि सरळ पट्टी कमान होते. चाकाच्या कमानीची आतली कड, काचेभोवतीची पट्टी या यंत्रावाचून नीट होत नाही. टेबलावर बसणारं, हातानं चालणारं हे छोटं यंत्र मला मोठ्या इंग्लिश व्हीलपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. व्हीलच्या दोन चाकांमधून पत्रा फिरवून त्याला फुगीरपणा देता येतो, पूर्ण मडगार्ड घडवता येतं; पण एका फियाटसाठी बहुधा वीतभराची ठिगळंच लागतात, आणि ती पिशवीवर आणि डॉलीवर होतात. तळाच्या पत्र्यावरच्या उभ्या पन्हाळ्यांसाठी बीड रोलर लागतो. तो चार जणांनी मिळून घ्यावा.

सुरक्षेबद्दल मी आग्रहानं बोलतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जाळला, तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधी घासून काढा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग कधीही करू नका. ठिणगीच्या उष्णतेनं आणि किरणांनी त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू होतो. आर्गॉन हवेपेक्षा जड, पेट्रोलची वाफही जड, आणि कित्येक गॅरेजांत गाडीखाली खड्डा असतो; तिथे दोन्ही साचतात. दार उघडं ठेवा, पंखा लावा, खड्डा झाकून ठेवा. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली, तरी घरी सांधू नका. शेजाऱ्यांची मुलं ठिणगी बघायला येतात. उघड्या डोळ्यांनी क्षणभरही त्यांना बघू देऊ नका. कापडाचा पडदा लावा, आणि ज्याला बघायचं आहे त्याला वेल्डिंगची जास्तीची काळी काच द्या.

शेवटी पुन्हा त्या पेटीकडे येतो. नवी पेटी जोडली, बाहेरून प्राइमर मारला, दार सुरेख लागलं. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं आतल्या बाजूचा प्राइमर जळालेला असतो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. त्यासाठी बंद पोकळीत मेण फवारणारी लांब, लवचिक नळी घ्या, जिच्या टोकाशी सगळीकडे फवारा पडतो. मूळ बुचांची भोकं असतात त्यांतून ती आत घाला, फवारत फवारत मागे ओढा, आणि मेण थिजलं की खालची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करा.