कंपवात आणि कोठा

आपल्या नांदेड-लातूरकडे घरातील वडीलधाऱ्यांचा हात थरथरू लागला, पाऊल अडखळू लागले, म्हणजे मंडळी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून चालत आलेल्या बद्धकोष्ठाच्या तक्रारीची दखल घेण्याचा प्रघात मात्र आपल्याकडे फारसा नाही. वास्तविक १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही कोठा जड झाल्याचा उल्लेख आहे. २००३ साली जर्मनीतील हाइको ब्राक यांनी तर असे प्रतिपादन केले, की अल्फा-सायन्यूक्लीन नामक प्रथिनाच्या विकृतीचा आरंभ आतड्यांच्या मज्जाजालात होऊन ती व्हेगस या मज्जातंतूवाटे मेंदूकडे चढत असावी. सर्वच रुग्णांना हे लागू पडत नसल्याने ते तूर्त अनुमानच समजावे.

औषधाची बाब मात्र अनुमानाची नव्हे. लेव्होडोपा हे मुख्य औषध मेंदूसाठी असले, तरी ते शोषले जाते लहान आतड्यात, आणि जेवणातील प्रथिनांपासून सुटणारी अमिनो आम्लेही त्याच वाटेने रक्तात शिरत असल्यामुळे, पोटभर वरण खाऊन वर घेतलेली गोळी जकातनाक्यावरील मालगाडीसारखी खोळंबून राहते. रुग्ण दुपारभर ताठरलेला बसतो आणि दोष गोळीला देतो. तुरीच्या डाळीच्या पेठेत, लातुरात, वरण सोडा असे कोण सांगेल? सांगूही नये, अशक्तपणा परवडणारा नाही. गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी, डाळीचा मोठा वाटा रात्रीकडे न्यावा आणि कोठा साफ राहील असे पाहावे, एवढा बंदोबस्त डॉक्टरांच्या सल्ल्याने केला तरी पुष्कळांना उतार पडतो.

आणखी एक. रानात वेलीवर लोंबणाऱ्या खाजकुइलीच्या, म्हणजे वैद्यांच्या कपिकच्छूच्या, बियांतून मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली हेच लेव्होडोपा वेगळे काढले होते. नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. तेव्हा एकाच रुग्णाने दोन्ही दारी औषध मागावे, यात नवल नाही. मात्र गोळ्यांच्या जोडीला बियांचे चूर्ण चालू असल्यास ते दोन्हीकडे स्पष्ट सांगावे, कारण दोन्ही मात्रांची बेरीज आपल्याच अंगात होते, आणि ती फार झाली की थरथर थांबूनही हातपाय भलतेच वेडेवाकडे हलू लागतात.