फुकटचं कुलूप



आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाचं सर्टिफिकेट संपलं, तेव्हा स्थळ बांधून देणाऱ्या व्यावसायिकाने नव्याचं कोटेशन धाडलं. आकडा पाहून कार्यकारिणी दोन तास बसली. फुकट मिळतं असं मी म्हणताच एक ज्येष्ठ सभासद उसळले, "अहो, फुकटचं कुलूप कोणी दाराला लावतं का?" सगळे हसले, विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मुळात ते कुलूप नव्हेच. पूर्वी आपण गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात ताटकळायचो, आठवतं? साहेबांचा शिक्का एवढंच सांगायचा, की प्रत मुळाबरहुकूम आहे. पोरगं कसं आहे, याची हमी साहेब देत नसत. सर्टिफिकेट तसंच. या नावाच्या स्थळावर अर्जदाराचा ताबा आहे, इतकीच त्याची साक्ष. मजकूर सांकेतिक करण्याचं काम तुमचा सर्व्हर आणि वाचकाचा ब्राउझर आपसात ठरवून करतात. शिक्क्याला किती पैसे पडले हे त्यांना ठाऊकही नसतं. म्हणूनच भामट्याच्या स्थळालाही सर्टिफिकेट मिळतं, हे विसरू नका.

फुकट सर्टिफिकेट देणारी 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मग पैसे कशाचे? महागड्या प्रकारात कंपनीची कागदपत्रं तपासतात, आणि पूर्वी ब्राउझर पत्त्याशेजारी कंपनीचं नाव झळकवत असे. २०१७ मध्ये इयान कॅरोल या संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 'स्ट्राइप' नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि तिच्यासाठी ते महागडं सर्टिफिकेट मिळवलं. कागद खरे, नाव खरं, त्याच नावाच्या प्रसिद्ध पेमेंट कंपनीशी संबंध मात्र शून्य! २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी कंपनीचं नाव पत्त्याच्या पट्टीतून काढूनच टाकलं. आता ते पाहायला दोन-तीन ठिकाणी क्लिक करावं लागतं. कोण करतो?

शिवाय तुम्ही महाग शिक्का घेतलात म्हणून दुसरा कोणी तुमच्या नावाचा खोटा शिक्का मारणार नाही, असंही नाही. लांब कशाला, जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अधिकारातून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघडकीस आलं होतं.

बँकेने विकतचं घ्यावं, अडचणीत रात्री फोन उचलणारा माणूस हवा असेल त्यानेही घ्यावं. पण ते पैसे त्या माणसाचे, सुरक्षिततेचे नव्हेत. फुकटच्याची मुदत ९० दिवसांची, ही तक्रारही आता टिकणार नाही. १५ मार्च २०२९ पासून विकतच्यालाही ४७ दिवसांचीच कमाल मुदत आहे. नूतनीकरण यंत्रावर सोपवण्यावाचून दोघांनाही गत्यंतर नाही, आणि यंत्र मुकाट्याने बंद पडतं.

आमच्या वाचनालयाने फुकटचं घेतलं. उसळलेल्या सभासदांकडेच मुदतीच्या तारखा पाहण्याचं काम दिलं आहे. तुमच्या संस्थेत हे काम कोणाकडे आहे, तेवढं घरी गेल्यावर विचारा.