पायरी चुकते, ती गुडघ्यामुळेच?

घरातलं वडीलधारं माणूस पायरी चुकलं की आपण म्हणतो, "वय झालं आता." गुडघ्याला तेल चोळतो. डोळ्यांचा संशय येत नाही, कारण तेच माणूस सकाळी पेपरातलं बारीक अक्षर वाचत असतं.

काचबिंदू फसवतो तो इथेच. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस त्यात हळूहळू सुकते, बहुधा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे. आधी कडेची नजर जाते. मधली बराच काळ टिकते. बहुतेकांना दुखत-खुपत नाही. गेलेला भाग काळाही दिसत नाही, मेंदू तिथे आजूबाजूचंच चित्र भरून टाकतो!

आता खोलीचा अंदाज. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर, म्हणून दोघांना दिसणारं चित्र किंचित वेगळं. त्या फरकावरून मेंदू जवळ-लांब ठरवतो. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे पटेल. काचबिंदू अनेकदा एका डोळ्यात जास्त, दुसऱ्यात कमी असतो. मग दोन चित्रांची जोडी नीट जुळत नाही. त्यात उजेड-सावलीतला बारीक फरकही पुसट होतो. चहा कपाबाहेर सांडतो. नांदेडला गोदावरीच्या घाटावर एकाच रंगाच्या पायऱ्या उतरताना एक पायरी कुठे संपली, ते कळत नाही. खालच्या बाजूची नजर गेली असेल तर उंबरठाही अडखळवतो. आणि लातूरच्या गंजगोलाईत दुचाकी एकदम पुढ्यात उगवल्यासारखी वाटते, ती कडेची नजर गेल्यामुळे.

सगळ्यात घात होतो तो "मोतीबिंदू असेल, पिकू द्या" म्हणून थांबण्यात. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. काचबिंदूने नेलेली परत येत नाही. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया उरलेली राखण्यासाठी. कित्येक जण "काही फरकच पडत नाही" म्हणून थेंब सोडतात. अहो, फरक न पडणं हाच त्या थेंबांचा गुण!

चाळिशीनंतर, आणि आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर नक्कीच, तपासून घ्या. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणाऱ्यांनीही. नांदेड आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, उदगीरला लायन्सचं नेत्र रुग्णालय आहे. नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका. दाब मोजायला आणि नस पाहायला सांगा. गरज वाटली तर डॉक्टर नजरेचा परीघही तपासतील.

घरात पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा दोन बोटं रुंद पट्टा ओढा. जिन्यात दिवा लावा. एसटीतून उतरताना दांडा धरा, आणि एक पाय जमिनीला टेकल्यावरच दुसरा उचला. कंडक्टर घाई करेल, करू द्या.