आकड्यांचा आकार



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. आयतालेख हा शब्द दहावीच्या गणिताच्या पुस्तकात भेटतो, चार गुणांचा प्रश्न म्हणून सोडवला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. पण याच आयतालेखात आपल्या मुलांच्या भवितव्याशी निगडित अशी एक गोष्ट आहे. ती समजावून घ्यायला पदवी लागत नाही. हे भाषण स्मरणिकेत वाचणाऱ्यांनी मात्र एक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ घ्यावी, ही विनंती.

आपण सारे सरासरीवर जगतो. तुकडीची सरासरी किती, शाळेच्या निकालाची टक्केवारी किती, एवढे विचारले की आपले समाधान होते. समजा, दोन तुकड्या आहेत, प्रत्येकी 40 मुलांच्या. दोन्हींची गणिताची सरासरी 52. पहिल्या तुकडीत सगळी मुले 52 च्या आसपास आहेत. दुसरीत 20 मुले 35 च्या आसपास घुटमळत आहेत आणि 20 मुले 69 च्या आसपास आहेत. सरासरी तीच, पण दुसऱ्या तुकडीत 52 गुणांचा विद्यार्थी शोधूनही सापडणार नाही. जो शिक्षक तिथे ‘सरासरी’ मुलाला समोर ठेवून शिकवील, तो कोणालाच शिकवणार नाही. अर्ध्यांना ते कळणार नाही, अर्ध्यांना ते आधीच येत असेल.

हा फरक दाखवण्याचे काम आयतालेख करतो. आडव्या रेषेवर मोजलेली गोष्ट, म्हणजे गुण, वजन किंवा वेळ, समान वर्गांत विभागायची आणि प्रत्येक वर्गात जितक्या नोंदी पडतील तितका उंच स्तंभ उभा करायचा. इंग्रजीतील ‘हिस्टोग्राम’ हे त्याचे नाव कार्ल पिअर्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात रूढ केले. पद्धत सोपी आहे. गोम आहे ती वर्गांतरात, म्हणजे एक वर्ग किती रुंद घ्यावा यात.

त्यासाठी एक खरे उदाहरण घेऊ. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. तो जमिनीतून उसळतो, शांत होतो आणि काही वेळाने पुन्हा उसळतो. दोन उसळींमधील वेळेच्या 272 नोंदी संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांत जगभर प्रसिद्ध आहेत. ‘आर’ या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीत त्या आयत्याच भरलेल्या असतात. ही प्रणाली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 च्या दशकात सुरू केली. या 272 नोंदींत सर्वांत कमी वेळ 43 मिनिटे, सर्वांत जास्त 96 मिनिटे आणि सरासरी सुमारे 71 मिनिटे आहे.

आता 20 मिनिटांचे वर्ग पाडू. 40 ते 60 मध्ये 83 नोंदी, 60 ते 80 मध्ये 105 आणि 80 ते 100 मध्ये 84. कागदावर तीन स्तंभ काढून पाहा. मधला उंच, दोन्ही बाजूचे ठेंगणे. कोणीही म्हणेल, बहुतेक वेळा मधल्या भागातच पडतात, सरासरी अगदी योग्य आहे.

तेच आकडे, तेच वर्गांतर, फक्त सुरुवात 40 ऐवजी 30 पासून करू. 30 ते 50 मध्ये 26, 50 ते 70 मध्ये 81, 70 ते 90 मध्ये 159 आणि 90 ते 110 मध्ये 6. टेकडी एकदम उजवीकडे सरकली! फवाऱ्याने काहीच बदलले नाही. बदलली ती आपली रेघ.

आता वर्गांतर 5 मिनिटांचे करू. 40 ते 45 पासून ओळीने मोजत गेल्यास स्तंभ असे येतात : 4, 22, 33, 24, 14, 10, 27, 54, 55, 23, 5 आणि 1. हेही काढून पाहा. आता एक टेकडी नाही, दोन आहेत. एक 50 ते 55 मिनिटांच्या जवळ आणि दुसरी, अधिक उंच, 80 मिनिटांच्या जवळ. मध्ये दरी आहे. 65 ते 70 या वर्गात अवघ्या 10 नोंदी, तर 75 ते 85 या दहा मिनिटांत 109. ज्या 71 मिनिटांना आपण ‘सरासरी वेळ’ म्हणत होतो, ती या दरीच्या काठावर उभी आहे. (विद्यार्थ्यांसाठी एक सूचना : येथे वर्गाची वरची मर्यादा त्याच वर्गात धरली आहे. तुमच्या पुस्तकात ती पुढच्या वर्गात धरतात.)

दोन टेकड्या का? उत्तर दुसऱ्या रकान्यात आहे. प्रत्येक उसळी किती मिनिटे चालली तेही नोंदवलेले आहे. त्याचाही आयतालेख काढला तर तिथेही दोन ढीग दिसतात, एक सुमारे 2 मिनिटांचा आणि एक साडेचार मिनिटांच्या आसपासचा. उसळी छोटी असली की कमी पाणी बाहेर पडते आणि पुढची उसळी लवकर येते. मोठी असली की जमिनीखाली पुन्हा पाणी भरून तापायला अधिक वेळ लागतो. उद्यानातील रक्षक पुढच्या उसळीचा अंदाज सांगताना आधीची उसळी किती चालली हे पाहतात, ते यामुळेच. त्या नोंदींनंतर हा फवारा अधिक सावकाश झाला आहे आणि दोन उसळींमधील वेळ आता दीड तासाच्या घरात गेला आहे, पण धडा तोच राहतो.

हे सारे कागदावर करायचे तर दर वेळी 272 नोंदी नव्याने मोजाव्या लागतात. म्हणून पूर्वी माणूस एक आयतालेख काढी आणि त्यावर विश्वास ठेवी. आता तसे करण्याचे कारण उरलेले नाही. ‘जिओजेब्रा’ किंवा ‘कोडॅप’ यांसारख्या फुकट प्रणालींत आयतालेख पडद्यावर जिवंत असतो. वर्गांची संख्या किंवा रुंदी बदलली की स्तंभ डोळ्यांदेखत नव्याने उभे राहतात. ‘कोडॅप’मध्ये दोन आलेख शेजारी ठेवून एकातील डावा ढीग निवडला, तर त्याच नोंदी दुसऱ्या आलेखातही उजळतात. जॉन टुकी यांनी 1977 च्या आपल्या ग्रंथात आकड्यांचा निष्कर्ष काढण्याआधी आकडे डोळ्यांनी न्याहाळण्याचा आग्रह धरला होता. आज ती सोय शाळेच्या संगणकापर्यंत आली आहे.

पण सोय आली की जबाबदारीही येते. पहिली गोष्ट अशी, की प्रणालीने उघडताच दाखवलेले चित्र अंतिम मानू नका. ती कोणत्या तरी ठरावीक नियमाने वर्ग पाडते. असा एक नियम स्टर्जेस यांनी 1926 साली मांडला, पुढे 1979 साली स्कॉट यांनी आणि 1981 साली फ्रीडमन व डायकोनिस यांनी वेगळे नियम दिले. नियम अनेक आहेत याचाच अर्थ, एकच बरोबर चित्र नसते. दुसरी गोष्ट, वर्गांतर फार बारीक केले तर फणीच्या दातांसारखे स्तंभ येतात आणि योगायोगालाच आपण अर्थ चिकटवू लागतो. 30-40 मुलांच्या तुकडीत तर हा धोका फारच. म्हणून रुंदी आणि सुरुवात दोन्ही सरकवून पाहा. जे सरकवूनही टिकते त्यावर विचार करा. जे लगेच विरते त्यावर घर बांधू नका. तिसरी गोष्ट, मनासारखे चित्र दिसेपर्यंत सरकवत राहणे आणि मग तेवढेच लोकांना दाखवणे हा अप्रामाणिकपणा आहे. आकडे ही अमानत आहे. कोणते वर्गांतर घेतले ते सोबत सांगितलेच पाहिजे.

परीक्षेच्या गुणांबाबत तर बारीक चित्र पाहणे अनेकदा अगत्याचे ठरते. पोलंडमध्ये ‘मातुरा’ नावाची शालान्त परीक्षा आहे. उत्तीर्ण होण्यास 30 टक्के लागतात. 2010 नंतरच्या काही वर्षांचे पोलिश भाषेच्या पेपरचे प्रसिद्ध झालेले आयतालेख पाहिले, तर 30 च्या किंचित खाली जवळजवळ खड्डा आहे आणि 30 वर स्तंभ एकदम उंच झाला आहे. काठावरच्या मुलाला परीक्षक वर ओढून घेतात, असाच त्याचा अर्थ लावला जातो. हेच गुण दहा-दहाच्या वर्गांत मांडले असते, तर ना खड्डा दिसला असता, ना माणसाचा हात.

आता आपल्या घरी येऊ. पालकांनो, शाळेच्या सभेत ‘निकाल किती टक्के’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : ‘गुणांचा आयतालेख दाखवाल का?’ नावे नकोत, केवळ स्तंभ पुरेत. 35 च्या काठावर किती मुले उभी आहेत, एक ढीग आहे की दोन, हे त्यातून पाच मिनिटांत कळेल. जादा तास कोणासाठी ठेवायचे, शिष्यवृत्तीच्या तयारीला कोणाला बसवायचे, हे त्यावरून ठरवता येईल. शिक्षकांनी डाव्या ढिगातील मुलांची हजेरी शेजारच्या आलेखात पाहावी. कदाचित अडचण गणिताची नसेल, गैरहजेरीची असेल. आयतालेख कारण सांगत नाही, पण कुठे विचारायचे ते दाखवतो. आणि एखादे मूल दरीत एकटे उभे असेल, तर त्याच्याकडे सरासरीच्या नव्हे, आपुलकीच्या नजरेने पाहावे लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी काम सोपे आहे. महिनाभर घरून शाळेत पोहोचायला लागणारी मिनिटे रोज वहीत लिहा. सगळ्या तुकडीच्या नोंदी एकत्र करा, शाळेच्या संगणकावर भरा आणि वर्गांतर सरकवून पाहा. दोन टेकड्या दिसल्या तर चालत येणारे आणि बसने येणारे वेगळे करून बघा. पुस्तकातील चार गुणांचा प्रश्न त्या दिवशी तुमचा स्वतःचा प्रश्न होईल.

सरासरी हा एक आकडा आहे आणि त्याची गरज आहेच. पण आपली मुले हा एक आकडा नाही. ती पूर्ण आयतालेखभर पसरलेली आहेत, काही डाव्या टोकाला, काही उजव्या टोकाला. संस्थेने, शिक्षकांनी आणि पालकांनी तो पूर्ण पसारा नजरेसमोर ठेवून निर्णय घ्यावेत, एवढीच माझी विनंती.