उंबरे किती, चुली किती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवी पास. आठवीत नाव घातले होते, ते का सुटले ते पुढे ओघात येईलच. आपल्या मंडळाने मागच्या दिवाळीत जे काम माझ्याकडे आणि आणखी दोघींकडे दिले, त्याची हकीकत सांगावी एवढेच मला सांगितले आहे. म्हणून वही बरोबर आणली आहे. अडखळले तर वहीत बघेन.

काम असे होते. कंधार तालुक्यात माझ्या सासरची वाडी आहे. डोंगराच्या कडेला, मूळ गावापासून दीड कोस आत. तिथल्या बायकांनी निरोप पाठवला, की घरकुलाच्या यादीत आमची निम्मी नावे नाहीत, नळ आला तो वरच्या आळीपर्यंतच आला, तुम्ही शहरातल्या बायका आहात तर आमचे काही लिहून द्या. अर्ज लिहायचा तर आधी आकडा पाहिजे. माणसे किती, घरे किती, खातात काय नि कमावतात काय. तेव्हा आपण ठरवले, की सरकारची खानेसुमारी होते तशी आपण आपली एक करावी.

वाचनालयातल्या बाईंनी मला सांगितले की हे काही आपणच पहिल्यांदा करत नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे मान नावाचे साहेब होते, त्यांनी पिंपळे सौदागर या लहानशा गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक काढले. बहुतेकांना नुसत्या जमिनीवर पुरत नाही, असे त्यांना आढळले. १९६१ च्या खानेसुमारीच्या वेळीही देशभरातली निवडक खेडी घेऊन एकेकाचे वेगळे पुस्तक काढले होते. त्यात घराची बांधणी, भांडीकुंडी, मिळकत, कर्ज असे सगळे लिहिले. मला वाटले, साहेबाने केले ते आपल्याला का जमू नये? आपल्याला तर घरात शिरायला कोणी अडवत नाही, थेट चुलीपाशी जाऊन बसता येते.

आणि चुलीवरच सगळे येऊन थांबते. खानेसुमारीत कुटुंब कशाला म्हणतात ठाऊक आहे? एका छपराखाली राहतात त्यांना नव्हे. जे एकत्र राहतात आणि एका चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब. छप्पर एक आणि चुली दोन असतील तर कुटुंबे दोन. हा नियम मी ऐकला तेव्हा माझ्या छातीत काहीतरी झाले. त्याचे कारण सांगते.

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपल्यातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. आदल्या रात्री गणपती बोळवले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. आमच्याकडची जुनी घरे म्हणजे दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, आणि वर माळवद. लाकडी सऱ्यांवर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात असे गार घर दुसरे नाही. पण ती माती आणि ते दगड झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. ५२ गावे उठवून दुसऱ्या जागी वसवावी लागली. आमच्या घरात आजी आणि धाकटा भाऊ गेले. शाळा पडली, ती पुन्हा उभी राहीपर्यंत मी घरकामाला लागले होते. आठवी तिथेच राहिली.

नवीन घरे जमिनीच्या हिशेबाने मिळाली. ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला अडीचशे चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशेचे, त्याहून मोठ्याला साडेसातशेचे. आमची जमीन नऊ एकर, उतारा आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नव्हती. माझे थोरले काका भूकंपाच्या दोन वर्षे आधीच वारले होते. काकूला मूलबाळ नव्हते. ती आमच्याच वाड्यात मागच्या खोलीत राहायची, चूल मात्र वेगळी मांडलेली. आईचे आणि तिचे फारसे पटत नसे, एवढेच कारण.

यादी लिहायला माणूस आला तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. त्याने वडिलांना विचारले, "या बाई कोण?" वडील म्हणाले, "वहिनी आहेत. आमच्यातच असतात." वडिलांच्या मनात काही वाईट नव्हते. वहिनी वेगळी राहते असे परक्यासमोर सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले. काकू डोक्यावर पदर घेऊन मागे उभी होती, ती काही बोलली नाही. मीही तिथेच होते. तिची चूल वेगळी, तिचे पीठ वेगळे, हे मला पक्के माहीत होते. तेरा वर्षांची पोर, मी काय बोलणार? आम्हाला एक घर मिळाले, चारशेचे. ती वेगळी लिहिली गेली असती तर तिला निदान अडीचशेचे तरी मिळाले असते, असे पुढे गावात सगळे म्हणत. नव्या घराच्या ओट्यावर, जिन्याखाली, तिने परत तीन विटा मांडल्या. २००९ साली गेली तोवर ती तिथेच रांधत होती. मी माहेरी गेले की मला हाक मारून भाकरी द्यायची. मला ती गिळत नसे.

असो. वाडीचे सांगते.

वाडीत ३१ उंबरे आहेत. चुली मोजल्या तर ३८ भरल्या. म्हणजे सात कुटुंबे अशी, जी उंबऱ्यांच्या हिशेबात दिसतच नाहीत. या सातांतल्या पाच चुली एकट्या बायकांच्या निघाल्या. दोन म्हाताऱ्या सासवा, दोन विधवा, आणि एक नवऱ्याने टाकलेली लेक. माणसे लहानथोर धरून १६४. जुन्या दगडमातीची घरे ९ आहेत, त्यांतल्या सातांचे माळवद काढून लोकांनी वर पत्रे टाकले. किल्लारीचे ऐकून भ्यायले, आणि लाकूडही मिळत नाही. नुसत्या पत्र्याची घरे १४. स्लॅबची ८, ती घरकुलाची. घरकुलाला २०१६ पासून सपाट भागात एक लाख वीस हजार मिळत आले. तेवढ्यात भिंती होतात, पण गिलावा होत नाही. आठांतल्या सहा घरांना आतून गिलावा नाही, कर्ज मात्र सहाही घरांना आहे.

न्हाणीघर किती जणींकडे आहे हेही विचारले. सरकारच्या २०११ च्या घरयादीत ३५ प्रश्न होते, त्यात न्हाणी, संडास, सांडपाणी, सरपण, पाणी किती लांबून आणता, सगळे होते. ते प्रश्न मला आवडले. हे प्रश्न काढणाऱ्याच्या घरी कोणीतरी बाई असणार! पण मिळकतीचा प्रश्न त्यात नव्हता. रेडिओ आहे का, सायकल आहे का, यावरून ताडायचे. २०११ साली जी जातनिहाय आर्थिक पाहणी वेगळी झाली, तिच्यात घरातल्या सगळ्यांत जास्त कमावणाऱ्याची महिन्याची मिळकत विचारली होती : पाच हजारांच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या वर. देशातल्या खेड्यांतली सुमारे पाऊण कुटुंबे पाच हजारांच्या आत निघाली.

आम्हीही पहिल्या दिवशी सरळ विचारले, "महिन्याची मिळकत किती?" बायका हसायलाच लागल्या. महिन्याची मिळकत नोकरदाराला. यांना वर्षातून दोनदा पैसा दिसतो, एकदा सोयाबीन निघाल्यावर आणि एकदा मुकादमाची उचल मिळाल्यावर. मग आमच्यातल्या एकीने युक्ती काढली. साखर महिन्याला किती किलो आणता? तेल सुटे घेता की डबा? दुकानदाराची उधारी कधी फेडता? यातून खरे बाहेर येऊ लागले. दोन एकरांत चांगल्या सालाला बारा क्विंटल सोयाबीन होते. २०२४-२५ साली हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण वाडीतल्या बहुतेकांनी चार हजारांच्या आसपास घातले, कारण केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायची कोणाची ऐपत नव्हती. अठ्ठेचाळीस हजार आले, बी-खत-फवारणी-मळणीत निम्म्याहून जास्त गेले. उरलेल्या वीस-बावीस हजारांत पाच माणसांनी वर्ष काढायचे. आमचे मालक मोंढ्यात दिवाणजी आहेत. हा हिशेब त्यांना दाखवला, तर म्हणाले, बरोबर आहे, आमच्या वहीत तर याहून वाईट आहे.

म्हणून दसरा झाला की वाडी उठते. नवराबायकोचा मिळून एक कोयता, त्याची उचल लाखाच्या आसपास घेतलेली असते, आणि ती बहुतेक आधीच्या देण्यात गेलेली असते. आम्ही गेलो तेव्हा १२ घरांना कुलूप लागले होते. १६४ पैकी ७१ माणसे बाहेर होती, काही कारखान्यांच्या फडावर, काही हैदराबादला बांधकामावर. ही नावे आम्ही म्हाताऱ्यांना विचारून लिहिली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकार माणसे मोजते फेब्रुवारीत. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी अशी मोजणी झाली. त्या वीस दिवसांत जो एकदाही घरी नव्हता, त्याला घरी मोजत नाहीत, जिथे असेल तिथे मोजतात. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, नाहीतर एक माणूस दोनदा लिहिला जाईल. पण आमची वाडी फेब्रुवारीत असते ऊसाच्या फडात. त्या वर्षी नांदेड जिल्ह्याची माणसे ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार भरली. त्यात आमच्या वाडीची किती धरली गेली असतील कोण जाणे. २०२१ ची खानेसुमारी करोनामुळे राहून गेली. पुढच्या मोजणीची तारीख १ मार्च २०२७ असे सरकारने २०२५ साली जाहीर केले, म्हणजे पुन्हा फेब्रुवारीच.

आणखी एक गंमत. बाईला विचारले "तुम्ही काय काम करता", की उत्तर एकच, "काही नाही, घरीच असते." ही घरी असणारी बाई पहाटे दोन म्हशींची धार काढते, शेण काढते, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. २००१ पासून खानेसुमारीत घरच्या वापरासाठी का होईना, दूध काढणे हे काम धरतात. हे मी सांगितले तर एक आजी म्हणाल्या, "मग बाई, माझी साठ वर्षांची बाकी काढा!" वहीत आम्ही त्यांच्यापुढे कामकरी असे लिहिले आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे दीड हजार यायला लागले. वाडीतल्या कित्येक जणींच्या स्वतःच्या नावावर आलेला तो पहिला पैसा. घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला बाईच्या नावावर आहे असे मात्र चारच निघाले.

आता शेवटची गोष्ट, ती घरातलीच आहे. सांगू की नको असे माझे झाले होते.

माझी एक चुलत जाऊ आहे. तिचा नवरा २०२२ साली गेला. दोन मुले आहेत. दिराच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. चूल वेगळी. आम्ही त्या घरी गेलो तेव्हा दीर ओट्यावर बसले होते. म्हणाले, "वहिनी, हिला आमच्यातच लिहा. वेगळे लिहिले तर लोक काय म्हणतील? उद्या वाटणीही निघेल." तेच शब्द, आमच्यातच. मी काही न बोलता मागच्या खोलीत गेले. जाऊबाई भाकरी थापत होती. मी विचारले, "तुझी चूल वेगळी लिहू का?" ती दाराकडे बघून म्हणाली, "लिहा. पण हळू बोला."

मी लिहिले. ३८ चुलींतली ती एकविसावी. बाहेर येऊन दिरांना वाचूनही दाखवले, हाताला कापरे भरले होते. तेव्हापासून ते आमच्या घरी चहा घेत नाहीत. मालकांनाही मी हे करायला नको होते असे वाटते, तसे ते बोलत नाहीत, पण मला कळते. मला स्वतःला कधी वाटते बरोबर केले, कधी वाटते भाऊबंदकीत काडी टाकली. वाटणी निघाली तर पहिला शब्द माझ्याच नावाने येणार आहे.

त्या यादीची एक प्रत अर्जाबरोबर दिली आहे, एक मंडळाच्या कपाटात आहे. घरकुलाचे काय होते ते कळेल तेव्हा कळेल. जाऊबाई आपल्या भावाबरोबर अर्धा कोयता म्हणून ऊसाला गेली. एकट्या बाईला मुकादम घेत नाही. फेब्रुवारीत तिची गणती झाली तर कुठल्यातरी कारखान्याच्या कोपीत होईल. घरांची यादी मात्र उन्हाळ्याच्या सुमारास करतात, तेव्हा वाडी भरलेली असते. त्या वेळी कोणी विचारायला आला तर आपण घरात हजर असावे असे मी तिला सांगितले आहे, आणि मीही त्या आठवड्यात वाडीवर जाऊन राहणार आहे. जाताना तिने खोलीची किल्ली दिरांकडे न देता माझ्याकडे ठेवली. ती इथे माझ्या पिशवीत आहे.